चाल लावली, दिली की बांधली?

प्रश्न असा आहे : “आम्ही लहानपणापासून ‘गाण्याला चाल लावली’ असंच म्हणत आलो. माझा मुलगा ‘गाणं कंपोज केलं’ म्हणतो, पेपरात ‘संगीतबद्ध केलं’ छापतात. ‘चाल लावणे’ हे चुकीचं किंवा गावंढळ आहे का? आणि मुळात चालण्याचा गाण्याशी संबंध काय?”

चुकीचं अजिबात नाही. गावंढळ म्हणायचं तर अण्णासाहेब किर्लोस्करांनाही गावंढळ म्हणावं लागेल. जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक रद्दीवाल्याकडे मिळालं तर उघडून बघा. पदाच्या डोक्यावर बारीक टायपात राग, ताल आणि त्यांच्याच रांगेत ‘चाल’ असं छापलेलं दिसेल, आणि त्यापुढे भलत्याच गाण्याची पहिली ओळ. कधी लावणी, कधी कानडी पद, कधी ठुमरी. किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८०चं, ‘सौभद्र’ १८८२चं. त्या काळात चाल बहुतेक वेळा आधीच कुठेतरी नांदत असे. नाटककार ती उचलून तिच्या मापाने शब्द बेतत असे. नोटेशन न वाचणाऱ्या वाचकासाठी ही भलतीच सोयीची रीत होती. ते मूळ गाणं येत असेल, तर हे नवं पदही त्याला तिथल्या तिथे म्हणता येई.

‘लावणे’ या क्रियापदाचं मर्म मला इथे दिसतं. कुलूप लावतो, ठिगळ लावतो, काठ लावतो, म्हणजे वेगळी असलेली वस्तू आणून दुसरीला जोडतो. चाल अशीच सुटी असते. शब्दांपासून ती सोडवता येते, दुसऱ्या शब्दांवर चढवता येते, उसनी देता-घेता येते, आणि अर्थात चोरताही येते. ‘अमुक गाण्याच्या चालीवर’ हा प्रयोग त्याशिवाय शक्यच नव्हता. ‘अमुक गाण्याच्या संगीतावर’ असं कोणी म्हणून बघा, जिभेलाच खटकतं.

पुढे चाली स्वतंत्र माणसाकडून करून घ्यायला लागले. १९११च्या ‘मानापमान’च्या पदांना गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या आणि पूरबेकडच्या ठुमरी-कजरीचा ढंग मराठी रंगभूमीवर आणला. हेच टेंबे १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटाचे संगीतकार, वर त्यात हरिश्चंद्रही तेच! सिनेमावाल्यांनी हा शब्द काही कोशात बघून घेतला नाही. ज्यांच्या तोंडी तो होता ती माणसंच पेटीसकट नाटक कंपनीतून स्टुडिओत आली.

चालीची ताकद बघायची तर १९३६चा ‘संत तुकाराम’ घ्या. त्यातला ‘आधी बीज एकले’ हा अभंग शांताराम आठवल्यांनी लिहिला, चाल केशवराव भोळ्यांची. कितीतरी लोक तो तुकोबांचाच समजले, अजूनही समजतात. शब्दांचं श्रेय आठवल्यांचं आहेच. पण चाल जर नाटकी, तानबाजीची असती, तर गाथेतला अभंग म्हणून तो कुणाच्या गळी उतरला असता, असं मला वाटत नाही.

आता ‘संगीत’. चाल म्हणजे गळ्यातून म्हणता येते ती स्वरांची ओळ. संगीत म्हटलं की त्यात व्हायोलिनचा ताफा, मुखडा आणि अंतरा यांच्या मधले तुकडे, ठेका, पार्श्वसंगीत, सगळंच आलं. म्हणून ‘चाल छान आहे, पण संगीताने मारलं’ हे वाक्य मराठीत बिनचूक आहे, आणि दुर्दैवाने वरचेवर वापरावं लागतं. नुसत्या वाद्यावरच्या तुकड्याला आपण सहसा चाल म्हणत नाही, धून म्हणतो. १९५४च्या ‘नागिन’मध्ये ‘मन डोले’ची चाल हेमंतकुमारांची, पण वरातीत बँडवाला ज्याच्यावर लोकांना लोळवतो ती बीनची धून. (आणि ती बीन मुळात बीनच नव्हे. क्लॅव्हियोलिन नावाच्या वाद्यावर कल्याणजींनी ती वाजवली होती.)

चालण्याशी संबंध तर सरळच आहे. गवई रागाचं ‘चलन’ सांगतात, म्हणजे तो राग कुठल्या स्वरावरून कसा जातो, कुठे थांबतो, कुठे वळसा घेतो. ‘चाल’ त्याच धातूची. जशी माणसाची चाल लांबूनही ओळखू येते, तशी गाण्याची पहिल्या दोन मात्रांत. शाहिरांकडे हा शब्द आणखी नेमका आहे. छापील पोवाड्यात मध्येच ‘चाल’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे इथून वळण बदला. डफवाल्याला तेवढी खूण पुरते.

क्रियापदांबद्दल माझं मत सांगतो. ‘लावली’ सगळीकडे चालतं. ‘दिली’ जरा आदबीचं, मोठ्या माणसांसाठी. ‘बांधली’ म्हटलं की त्यात कारागिरी येते, बंदिशीतलं बांधणं येतं; रात्र-रात्र खपून केलेल्या कामाला ते शोभतं. वादक मंडळी सर्रास ‘चाल केली’ म्हणतात, तेही ठीक, फक्त पुढे ‘करून गेला’ जोडू नका. ‘तो कवितेवर चाल करून गेला’ म्हणजे हल्ला झाला. काही कवितांच्या बाबतीत तेच खरं असतं, तो भाग वेगळा. आणि ‘ल’ सांभाळा : चाळ बांधतात ते पायात, किंवा गिरगावात. ‘कंपोज केलं’ला माझी हरकत नाही. पण मुलाला विचारा, कंपोज केलेलं नेमकं काय? बहुतेक तो म्हणेल, “ट्यून.” म्हणजे चालच की!

माझ्या आत्याची भजनी मंडळाची वही माझ्याकडे आहे. शंभर पानी, रेघांची, गवळणी निळ्या शाईत आणि प्रत्येकीच्या वर लाल शाईत चाल. एका गवळणीवर चक्क ‘चाल : मन डोले’ लिहिलंय. चार-पाच पानांवर सिनेमाच्या गाण्याची ओळ अर्धवट ऐकलेली, अर्धवट लिहिलेली. तिला हिंदी यायचं नाही, चाल मात्र पक्की यायची. आणि एका जुन्या गवळणीवर तिने नुसतं लिहून ठेवलंय, ‘चाल : आपली नेहमीची’. ती कुठली, हे सांगायला मंडळातलं आता कुणी उरलेलं नाही.