वाचक विचारतात : जलशाच्या वह्या, कॅसेटी आणि वस्तीचं स्वतःचं दप्तर

आंबेडकरी जलशांच्या, म्हणजे बाबासाहेबांचा विचार गाण्यांतून गावोगाव नेणाऱ्या कार्यक्रमांच्या वह्या, हँडबिलं, सभांचे फोटो, गाण्यांच्या कॅसेटी घरोघर पडून आहेत. त्या कशा जपाव्यात, कुणाच्या ताब्यात असाव्यात, असं विचारणारी बरीच पत्रं यंदा आली. त्यांतल्या पाच पत्रांना इथे उत्तर देत आहोत.

प्रश्न : आमच्या विहाराच्या कपाटात जलशाच्या दहा-बारा वह्या, १९५६च्या आसपासची हँडबिलं आणि वर्गणीच्या पावत्या आहेत. सगळं सरकारी पुराभिलेखागाराला किंवा विद्यापीठाला देऊन टाकावं, असं काहींचं म्हणणं आहे. आपलं मत काय? — एक वाचक, मनमाड

उत्तर : मूळ वस्तू तुमच्याकडेच ठेवा, प्रती मागतील त्यांना द्या. मुंबईचं सरकारी दप्तर १८२१ पासूनचं आहे. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या त्या दप्तरात चळवळ सापडते, पण बरीचशी गृहखात्याच्या फायलींत, सभेवर नजर ठेवणाऱ्या पोलिसाने वर काय कळवलं या रूपात. ढोलकीवर कोण होतं, गाण्याची चाल कुठली, हे कळवायचं त्याला कारणच नव्हतं. सरकारबाहेर कागद जमवण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. पेशवे दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात होतं आणि अभ्यासकांना सहज खुलं नव्हतं, त्या काळात इतिहास संशोधक वि. का. राजवाडे जुने कागद शोधत गावोगाव फिरले आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. मात्र तो शोध मुख्यतः वाडे, देवस्थानं आणि वतनदारांची घरं यांतून झाला. जलसाकाराच्या पत्र्याच्या पेटीची वाट त्यात नव्हती. म्हणून हे दप्तर वस्तीलाच उभं करावं लागेल.

स्कॅनर विकत घेण्याआधी एक जाड, बांधीव नोंदवही आणा. सुटे कागद नकोत, नुसती एक्सेल शीटही नको. रकाने असे आखा : क्रमांक, तारीख, देणाऱ्याचं नाव-गाव, वस्तू, पानांची संख्या, स्थिती, आणि शेवटी अटी. क्रमांक वर्ष-देणारा-वस्तू असा द्या, उदाहरणार्थ २०२५-१४-००३. तोच क्रमांक वस्तूच्या मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने, न दाबता लिहा. बॉलपेन आणि रबरी शिक्का अजिबात नको. अटींच्या रकान्यात चार गोष्टी विचारून लिहा : वस्तू कायमची दिली की सांभाळायला, प्रत काढायची का, बाहेरच्याला दाखवायची का, छापायची का. देणाऱ्याची सही घ्या आणि एक प्रत त्याला द्या. ही नोंद नसेल तर दहा वर्षांनी हार्ड डिस्कवर हजारो चित्रं असतील, पण कुठली कुणाची हे कुणालाच सांगता येणार नाही.

वही दिली म्हणजे गाण्यांचा कॉपीराइट दिला, असं होत नाही. तो कवीचा, त्याच्या पश्चात ६० वर्षं वारसांचा. कवी ओळखायला शेवटचं कडवं पाहा. तिथे बहुधा नाममुद्रा, म्हणजे ओळीत गुंफलेलं कवीचं नाव, असते. लोककवी वामनदादा कर्डकांची (१९२२–२००४) गाणी कितीतरी वह्यांत हाताने उतरवलेली असतात. एकच गाणं दोन वह्यांत वेगवेगळ्या नाममुद्रेने आलं, तर दोन्ही नोंदवा. निवाडा करू नका.

प्रश्न : वह्यांना पावसाळ्यात बुरशी येते, कसरही लागली आहे. लॅमिनेशन करून घ्यावं का? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : लॅमिनेशन नको! गरम प्लास्टिक कागदाच्या तंतूंत शिरतं आणि पुन्हा सुटत नाही. सेलोटेपही नको. काही वर्षांत त्याचा डिंक पिवळा होऊन शाई ओढतो. फाटकी पानं पारदर्शक पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवा, पीव्हीसीच्या नाही. पीव्हीसीला कुबट वास येतो आणि ते चिकट होतं.

बुरशी आलेली वही आधी बाकीच्यांपासून वेगळी करा. ओली असताना पुसायला गेलात तर डाग कागदात मुरतो. सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यात पानं पूर्ण कोरडी होऊ द्या. उन्हात ठेवू नका, शाई उडते. मग एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून, घराबाहेर, मऊ रुंद ब्रशने शिवणीकडून कडेकडे हलकेच झाडा. डेटॉल, फिनेल, रॉकेल यांतलं काहीही लावू नका.

कसरीसाठी घरचा डीप फ्रीझर चालतो. वही पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे १८ ते २० अंशांत दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका. बहुतेक जण इथेच घाई करतात, आणि गार कागदावर दव धरून नवी बुरशी येते. फोटो आणि कॅसेटी फ्रीझरमध्ये ठेवू नका. थंडीने बुरशी मरत नाही, फक्त थांबते, हेही लक्षात असू द्या.

कपाट जमिनीपासून सहा इंच वर आणि भिंतीपासून चार इंच पुढे हवं. न्हाणीघराला लागून असलेली भिंत टाळा. आत आर्द्रतामापक ठेवा, काही शे रुपयांत मिळतो. आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकून राहिली की बुरशी येणारच. कोकणात जून ते सप्टेंबर उघडं कपाट सांभाळणं अवघड, तेव्हा घट्ट झाकणाचे डबे आणि सिलिका जेल वापरा. रंग बदलला की जेल ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येतं. ताजा कडुलिंब ठेवू नका, त्याच्यासोबत ओल आत जाते.

गंजलेल्या पिना ओढून काढल्या की कागद फाटतो. पिनेचा वाकलेला पाय वर करा, त्याखाली पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवा, बोथट सुरीने पाय सरळ करा आणि मग पाठीमागून पिन काढा. शिवण पांढऱ्या सुती दोऱ्याने पुन्हा घाला.

स्कॅन ४०० डीपीआय (दर इंचाला इतके ठिपके), रंगीत, टिफ या फाइल-प्रकारात करा. ए-फोर आकाराचं एक पान साधारण ४६ एमबीचं होतं, म्हणजे शंभर पानांना साडेचार जीबी. छोटे फोटो १२०० डीपीआयवर घ्या. मोबाइल ॲपचं 'एन्हान्स' बंद ठेवा, ते फिकट पेन्सिल खाऊन टाकतं. कोरी वाटणारी पानं आणि मलपृष्ठही सोडू नका. गाडीभाडं, चहा, पेट्रोमॅक्सचा खर्च, कुणाला किती दिले, हे हिशेब तिथेच असतात, आणि जलसा कुठल्या गावाला गेला हे अनेकदा त्यांवरूनच कळतं.

प्रश्न : गाण्यांच्या जुन्या कॅसेटी संगणकावर कशा घ्यायच्या? — एक वाचक, उल्हासनगर

उत्तर : आधी कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही छोटे टॅब तोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही. खिडकीतून पाहा : फितीच्या कडेला पांढरी पूड दिसली तर ती बुरशी. तशी कॅसेट लावू नका, डेकमधून बाकीच्यांनाही लागेल. आतला फेल्टचा तुकडा गळला असेल तर फीत स्क्रूने उघडता येणाऱ्या नव्या खोक्यात घाला. फीत एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवा. डेकचं हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग हेडशेजारचा छोटा स्क्रू किंचित फिरवून झांजेचा आवाज सर्वांत लख्ख येईल तिथे थांबवा. या एका गोष्टीने जितका फरक पडतो, तितका कुठल्याही सॉफ्टवेअरने पडत नाही. रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्ये, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर घ्या. नव्वद मिनिटांचे दीड जीबी होतात. मूळ फाइलवर 'नॉइज रिडक्शन' करू नका, ऐकण्यासाठी वेगळी एमपीथ्री काढा.

सगळ्याच्या तीन प्रती हव्यात, त्यांतली एक दुसऱ्या गावात. नुसत्या पेनड्राइव्हवर विसंबू नका. हार्ड डिस्क सहा महिन्यांनी जोडून फाइली उघडून पाहा.

प्रश्न : फोटोंतली माणसं ओळखणारे आता थोडेच उरलेत. — एक वाचक, चेंबूर

उत्तर : हे काम सर्वांत आधी करा, स्कॅनिंग थांबलं तरी चालेल. फोटोची मोठी झेरॉक्स काढा, प्रत्येक चेहऱ्यावर आकडा टाका आणि बाजूला नाव, कुणी सांगितलं, कधी सांगितलं ते लिहा. दोघांनी दोन नावं सांगितली तर दोन्ही लिहा. 'अमुक यांच्या पत्नी' इथे थांबू नका. त्यांचं स्वतःचं नाव विचारा, माहेरचं गावही विचारा. वर्णन लोक स्वतःला ज्या शब्दांत सांगतात त्याच शब्दांत हवं. जुन्या कागदावर अपमानकारक शब्द असेल तर नकलेत जसाच्या तसा ठेवा, तुमच्या यादीत मात्र तो वापरू नका. अत्याचाराच्या किंवा मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या काळातल्या खटल्यांच्या कागदांत हयात माणसांची नावं असतील, तर ते कागद घरच्यांना विचारून ठरावीक वर्षं बंद ठेवा.

प्रश्न : परदेशातलं एक विद्यापीठ पैसे द्यायला तयार आहे, पण मूळ वह्या मागतंय. — एक वाचक, नागपूर

उत्तर : देऊ नका. ऐतिहासिक किंवा साहित्यिक महत्त्वाचं, ७५ वर्षं जुनं हस्तलिखित १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकतं, आणि असे अवशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. स्कॅन देता येतील, पण लेखी करारानेच : मालकी तुमची, प्रत्येक फाइलवर तुमचा क्रमांक, आणि घरच्यांनी सांगितलं तर एखादी वस्तू संकेतस्थळावरून काढायची. संस्था अजून नोंदवली नसेल तर आधी नोंदवा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात, आणि आपल्याकडे धर्मादाय कार्यालयात सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंद होते. संस्था बंद पडली तर वह्या कुणाकडे जातील, हे कलम घटनेत पहिल्या दिवशीच घाला. परदेशी देणगी खात्यात घेण्याआधी एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली परवानगी लागते, तोवर पैसे स्वीकारू नका.