अर्धशिशीचा ठणका सुरू झाला की घरी काय करावं?
ठणका वाढायची वाट पाहू नका. अर्धशिशीत जठराचं काम मंदावतं, म्हणून उशिरा घेतलेली गोळी नीट लागू पडत नाही. खोलीत अंधार करा, मोबाइल लांब ठेवा. बर्फ पंच्यात गुंडाळून कपाळावर किंवा मानेवर १५ मिनिटं धरा. थेट त्वचेवर नको. मळमळत असेल तर आल्याचा तुकडा चघळा, पाणी घोटघोट प्या. सुंठ उगाळून लावतात खरी, पण नाजूक त्वचेची आग होते, ठणका तसाच राहतो.

महिन्यात १५ दिवस वेदनाशामक गोळ्या घेत असाल, तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखू शकतं. अचानक उठलेली असह्य कळ, तापासोबत ताठलेली मान, अडखळणारी जीभ किंवा लुळा पडलेला हात दिसला, तर घरगुती उपाय सोडून थेट रुग्णालय गाठा.