समोरचा खोटं बोलतोय हे चेहऱ्यावरून ओळखता येतं का?

फारसं नाही. 2006 मध्ये चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो या मानसशास्त्रज्ञांनी दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र तपासले. माणसं खरं-खोटं बरोबर ओळखतात सरासरी 54 टक्के वेळा. नुसतं नाणं उडवलं तरी 50 येतात! नजर चुकवणं, चुळबूळ यावर तर अजिबात जाऊ नका. खरं बोलणारा पण घाबरलेला माणूसही तेच करतो. पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडायचं म्हणून वापरतात ते यंत्र, तेसुद्धा नाडी, श्वास, रक्तदाब, घाम मोजतं, खोटेपणा नव्हे.

मला त्यातल्या त्यात पटतं ते प्रश्नांचं तंत्र. घडलेलं शेवटाकडून सुरुवातीकडे सांगायला लावायचं. रचलेली गोष्ट उलटी सांगताना डोक्यावर ताण येतो, माणूस अडखळतो, तपशील गळतात. अर्थात विसराळू माणूसही अडखळतोच.