वीज न वापरता शाळेचे वर्ग उन्हाळ्यात थंड ठेवता येतात का?

हो, येतात. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशात गांदो नावाचं खेडं आहे, तिथली प्राथमिक शाळा नक्की बघा. पारा चाळिशीपार जातो तिथे. शाळेचा आराखडा करणारे वास्तुकार फ्रान्सिस केरे याच गावचे. शाळा 2001 मध्ये पूर्ण झाली.

मला त्यातलं छत सगळ्यात जास्त आवडतं. आपल्याकडे पत्रा थेट वर्गावर टाकतात आणि दुपारी पोरं भाजून निघतात. केरेंनी पत्रा वर उचलून धरला, लोखंडी सळयांच्या जोडकामावर. त्याच्या खाली विटांचं वेगळं छत आहे, तेही फटी ठेवून रचलेलं. वर्गातली गरम हवा त्या फटींतून वर जाते, दोन छतांमधून वाहणारा वारा ती बाहेर नेतो आणि झडपांच्या खिडक्यांतून ताजी हवा आत येते. पत्रा भिंतींच्या बराच पुढे आलेला असल्यामुळे मातीच्या भिंतींना पाऊसही लागत नाही.

विटा गावच्याच मातीच्या, थोडं सिमेंट मिसळून दाबलेल्या. पायासाठी दगड मुलांनी गोळा केले, पाणी बायकांनी वाहिलं. क्रेन नव्हतीच, म्हणून सळया कापून वेल्डिंग करण्याइतकं साधं तंत्र निवडलं. हे फार महत्त्वाचं आहे, कारण डागडुजी गावालाच करता येते.

तुमची इमारत आधीच उभी असेल, तर सुरुवात छतापासून करा. पत्र्याखाली हवा खेळेल असं दुसरं छत आणि समोरासमोर खिडक्या, एवढ्यानेही चांगला फरक पडतो.