बोटीवर जाताना पुस्तकं न्यावीत का? जहाजावरची माणसं खरंच वाचतात का?

तुम्ही डेक कॅडेट (शिकाऊ अधिकारी) म्हणून पहिलीच बोट जॉइन करताय, सामानाचं वजन मर्यादित, तेव्हा पुस्तकं न्यावीत का आणि तिथली माणसं काय वाचतात, असा तुमचा प्रश्न. त्यावर आधीच कुणीतरी ठोकून दिलंय की आता बोटीवर इंटरनेट असतं, पुस्तकं कोण वाचतंय, आणि ‘इंजिनवाले तर मॅन्युअलशिवाय काही वाचतच नाहीत’. हे शेवटचं वाक्य मी पूर्वी एका चीफ मेटच्या (कॅप्टनच्या खालोखालचा डेकवरचा अधिकारी) तोंडून ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो. मी इंजिनवाला. आता निवृत्त.

आमच्या काळात स्मोक रूममध्ये पुस्तकांचं एक कपाट असायचं. फळीला पुढून आडवी पट्टी, म्हणजे बोट हलली तरी पुस्तकं खाली येत नसत. बंदरातल्या सीमेन्स क्लबातून गठ्ठे यायचे. त्यात लुई लामूरचे काउबॉय (हा गृहस्थ स्वतः बोटीवर राबलेला), अ‍ॅलिस्टर मॅक्लीन, शिवाय कुणालाच न कळणाऱ्या भाषांतल्या चार कादंबऱ्या. आधी कुणी मराठी माणूस साइन ऑफ होऊन (करार संपवून) गेला असेल तर धारप, शिरवळकर, अर्नाळकर आणि एखादा दिवाळी अंक. दिवाळी अंक मार्च-एप्रिलपर्यंत जाहिरातींसकट वाचला जायचा. उलटून गेलेल्या वर्षाचं राशिभविष्यसुद्धा लोक मन लावून वाचायचे आणि खरं ठरलं की नाही यावर वाद घालायचे. तेव्हा लोक वाचतात का, तर हो, हाताला लागेल ते वाचतात.

समुद्रावरची पुस्तकं मात्र फार थोडे वाचतात. दिवसभर तेच पाणी बघितल्यावर रात्री परत तेच कोण वाचणार? आणि जे वाचतात ते ऑडिटरसारखे वाचतात, या लेखकाने हे काम स्वतः केलंय की नाही ते तपासत. ‘मोबी डिक’ लिहिणारा मेलव्हिल 1841मध्ये व्हेलच्या शिकारीच्या जहाजावर गेला होता, त्यामुळे त्याला पास करावंच लागतं, पण मधली देवमाशांवरची प्रकरणं मी गाळून पुढे गेलो आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. जोसेफ कॉनरॅड मात्र पैकीच्या पैकी. 1886मध्ये त्याने मास्टरचं तिकीट, म्हणजे कॅप्टन होण्याचा परवाना, काढलं. त्याआधी 1884मध्ये तो आपल्या मुंबईत ‘नार्सिसस’ नावाच्या शिडाच्या जहाजावर सेकंड मेट म्हणून चढला होता. पुढे याच नावाच्या जहाजाबद्दल त्याने कादंबरी लिहिली, तीही मुंबई बंदरातूनच सुरू होते.

आता त्या मेटचं सांगतो. मी तेव्हा थर्ड इंजिनियर, बोटीवरच्या भाषेत ‘तीन साब’, होतो. बल्क कॅरियर (सुटा माल नेणारं जहाज) होतं, मुरगावला लोहखनिज भरून जपानला निघालो होतो. दिवस ईशान्य मोसमी वाऱ्याचे, म्हणजे दक्षिण चिनी समुद्रात वर जाताना लाट थेट तोंडावर. खनिज भरलेली बोट आधीच तापट, सगळं वजन तळाशी असल्याने प्रत्येक रोलला झटका देऊन सरळ होते.

आमचा सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, दाभोळचा. सिंगापूरची सामुद्रधुनी मागे पडता पडता त्याने मेटला विचारलं, “साब, स्परलिंग पायपाला सिमेंट मारूया का? पुढे बोट पाणी डोक्यावर घेणार.” नांगराची साखळी डेकवरून खाली चेन लॉकरमध्ये जाते तो हा पाइप. त्याच्या तोंडात गोणपाट कोंबून वर सिमेंट लिंपायचं, ही जुनी रीत. मेट म्हणाले, “कव्हर आहे ना? वर कॅनव्हास बांधा आणि सोडा. जपानला नांगर टाकायच्या वेळी ते सिमेंट फोडत कोण बसणार?” सारंगाने मान डोलावली आणि कॅनव्हास बांधला.

पुढचे दोन दिवस बोट नाक खुपसत चालली. आम्ही खाली आरपीएम उतरवून बसलेलो, फ्युएलच्या टाक्या ढवळल्या गेल्याने फिल्टर सारखे तुंबत होते. हवा जरा निवळली तेव्हा सारंगाने पुढे जाऊन साउंडिंग घेतलं, म्हणजे आत पाणी किती ते मोजलं. कॅनव्हास फाटून गेला होता, कव्हर सरकलेलं, चेन लॉकर अर्ध्याच्या वर भरलेला. ब्रिजवर याचा पत्ता नव्हता. बल्क कॅरियरना पुढच्या कोरड्या जागांत पाणी शिरल्याचा अलार्म आता सक्तीचा आहे, पण त्या नियमातूनही चेन लॉकर वगळलेला आहे.

एज्युक्टर (पाण्याच्या झोताने पाणी ओढणारं साधन) लावला तर तो साखळीबरोबर आलेल्या गाळाने दहा मिनिटांत चोंदला. मग विल्डन पंप (हवेवर चालणारा पंप) उतरवला, त्याचा डायफ्रॅम फाटला, तो बदलायला मला पुढे बोलावलं. ब्लोअर लावून, हवा तपासून सारंग स्वतः खाली उतरला होता. मांडीएवढ्या पाण्यात उभा राहून सक्शनच्या जाळीवरचा चिखल हाताने खरवडून बादलीत टाकत होता. मुरगावच्या नांगरतळाचा लालभडक चिखल, कोपरापर्यंत. मेट वर उभे राहून घड्याळ बघत होते. लॉगमध्ये ‘खराब हवामानामुळे’ असं लिहिलं गेलं, सिमेंटचा उल्लेख कुठेच नाही.

दुसऱ्या दिवशी स्मोक रूममध्ये हे गृहस्थ कॉनरॅडचं ‘टायफून’ वाचत बसलेले. 1902चं पुस्तक. कॅप्टन मॅकव्हर वादळांवरचं प्रकरण उघडून वाचतो, वैतागतो, वळसा घातला तर तीनशे मैल आणि कोळशाचा खर्च वाढेल म्हणतो आणि दोनशे चिनी मजुरांसकट जहाज सरळ वादळात घालतो. मेट मला म्हणाले, “बघा तीन साब, पुस्तकात सगळं लिहिलंय तरी हा माणूस ऐकत नाही. असल्यांचं तिकीट काढून घ्यायला पाहिजे.” मी म्हटलं, “सर, त्याच्याकडे पुस्तक होतं. तुमच्याकडे सारंग होता.” त्यावर ते वाक्य आलं, इंजिनवाले मॅन्युअलशिवाय काही वाचतच नाहीत. जपान येईपर्यंत खाली काही निरोप द्यायचा असला तर त्यांनी माझ्या वरच्या सेकंड साबांना (सेकंड इंजिनियरना) फोन केला.

माझं म्हणणं आजही तेच आहे. कॉनरॅड वाचताना लोक कॅप्टनकडे बघत बसतात. ‘टायफून’मध्ये जहाज वाचतं ते चीफ इंजिनियर सॉलोमन राउटमुळेही. प्रोपेलर पाण्याबाहेर आला की इंजिन उधळू नये म्हणून वाफ हाताने तोडली जाते, ते वर्णन खाली उभं राहिल्याशिवाय जमत नाही. माझे आजोबा कोळशाच्या बोटींवर आगवाला होते. वादळात वर काय चाललंय ते खाली कुणी सांगत नसे, फक्त फावडं थांबवायचं नाही, एवढंच त्यांना ठाऊक.

कॉनरॅडचंच ‘लॉर्ड जिम’ बघा. 1880 साली ‘जेद्दा’ नावाच्या बोटीचे अधिकारी नऊशेहून जास्त हज यात्रेकरूंना सोडून पळाले आणि ती बोट तरंगत राहून एडनला पोचली, त्यावरून सुचलेली कादंबरी. तीत गोरे साहेब उड्या मारतात आणि दोन मलय सुकाणी चक्र धरून उभे राहतात, कारण सोडा असं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. ‘द एंड ऑफ द टेदर’मध्ये दृष्टी जात चाललेला म्हातारा कॅप्टन सारंगाच्या डोळ्यांवर बोट चालवतो. कॉनरॅडही काही संत नाही, त्या मजुरांना त्याने धड चेहरे दिलेले नाहीत. पण कोणाला काय माहीत असतं, हे त्याला कळलेलं होतं.

आणि हे फक्त कादंबरीत नाही. 1980मध्ये ‘डर्बीशायर’ हे खनिज भरलेलं प्रचंड जहाज जपानजवळ टायफूनमध्ये 44 माणसांसह बुडालं. आधी म्हणाले, खलाशांनी पुढच्या स्टोअरचं झाकण नीट लावलं नाही. 2000 सालच्या फेरचौकशीने तो ठपका पुसला आणि नाळेवरचे (जहाजाच्या पुढच्या टोकावरचे) व्हेंटिलेटर तुटून पाणी आत गेलं असा निष्कर्ष काढला. या उत्तरासाठी त्या घरांना वीस वर्षं थांबावं लागलं.

तर न्यायचं काय? ‘टायफून’ न्या, लहान आहे. हेमिंग्वेचं ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ इंग्रजीत जड वाटत असेल तर पु. लं.नी केलेला त्याचा अनुवाद ‘एका कोळियाने’ घ्या. शिडाची आवड असेल तर एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस जोशुआ स्लोकम वाचा, आणि कमांडर दिलीप दोंदे यांचं ‘द फर्स्ट इंडियन’. त्यांची ‘म्हादेई’ ही शिडाची बोट गोव्यात बांधलेली. त्यांना मार्गदर्शन करणारे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 1969मध्ये न थांबता एकट्याने जगाला फेरी मारून आले ते ‘सुहैली’तून, आणि ती मुंबईत बांधलेली.

हे सगळं सांगितलं खरं, पण कॅडेटला पहिले तीन महिने वाचायला वेळ मिळत नाही. नियमाने चोवीस तासांत दहा तास विश्रांती, ती झोपेतच जाते, उरलेला वेळ ट्रेनिंग रेकॉर्ड बुकाचा. ई-रीडर न्यायला माझी हरकत नाही. वॉचवर (पाळीच्या ड्युटीवर) मात्र काहीही नेऊ नका, लुकआउट म्हणजे लुकआउट, नजर समुद्रावरच. आणि कॉनरॅड कंटाळवाणा वाटला तर खुशाल सोडा, मलाही दुसऱ्या खेपेला जमला.

ते मेट पुढे कॅप्टन झाले. नव्या पोरांना ‘टायफून’ वाचा म्हणून सांगतात असं कानावर आलंय. सांगू देत. स्परलिंग पाइपला सिमेंट मारतात की नाही, ते अजून कुणी कळवलेलं नाही.