नेपोलियनच्या काळातली ब्रिटिश पॅटर्न नाणी जमवायची आहेत. १८०५ ची सोहो पेनी घेताना काय बघावं?

नाण्यावरचं साल बघून पैसे मोजू नका, एवढं आधी सांगतो.

पॅटर्न म्हणजे मंजुरीआधी दाखवायला पाडलेलं नमुन्याचं नाणं. बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत मॅथ्यू बोल्टन वाफेच्या यंत्रावर नाणी पाडायचा. तांब्याच्या नाण्यांचं सरकारी कंत्राट मिळावं म्हणून त्याने क्युख्लर या कोरीवकाराकडून नमुन्यांवर नमुने करून घेतले, काहींवर सोन्याचा मुलामाही चढवला. तो १८०९ मध्ये वारला. १८५० मध्ये टांकसाळीचं सामान विकलं गेलं आणि बरेच जुने डाय, म्हणजे नाण्यावर ठसा उमटवायचे साचे, लंडनच्या डब्ल्यू. जे. टेलरच्या हाती लागले. त्याने ते घासूनपुसून पुन्हा नाणी पाडली; वर एका नाण्याची पुढची बाजू नि दुसऱ्याची मागची अशा नसलेल्या जोड्याही लावल्या. त्यामुळे १८०५ लिहिलेली पेनी नेपोलियन गेल्यावर तीसेक वर्षांनंतरचीही असू शकते.

माझी पहिली खरेदी अशीच. यादीत नुसतं ‘पॅटर्न, दुर्मीळ’ लिहिलं होतं. घरी दहापट भिंगाखाली धरली तर राजाच्या गालावर घामोळं आल्यासारखे बारीक दाणे. डाय गंजला की त्याला खड्डे पडतात, आणि खड्डा नाण्यावर उंचवटा होऊन उमटतो. केसांच्या बटाही घासल्यासारख्या सपाट. टेलरच!

टेलरची नाणी टाकाऊ नसतात, काही तर मूळ नाण्यांपेक्षा दुर्मीळ आहेत. मी माझी ठेवलीच. फक्त टेलरचं नाणं टेलरच्या भावात घ्यावं. म्हणून विक्रेत्याकडे पेक या नाणेतज्ज्ञाच्या ब्रिटिश म्युझियम कॅटलॉगमधला क्रमांक मागा; नाणं मूळचं की टेलरचं, ते त्यावरून कळतं. तो सांगायला टाळाटाळ झाली तर सरळ उठा. आणि घरी आणल्यावर चिंच-पितांबरी अजिबात नको. तांब्यावरचा मूळचा तपकिरी थर गेला की गेला.

हात बसेपर्यंत एक स्वस्त उपाय. ईस्ट इंडिया कंपनीने मुंबई इलाख्यासाठी १७९१ आणि १७९४ मध्ये तांब्याची नाणी याच सोहोतून पाडून आणली होती. एका बाजूला तराजू, खाली फारसी लिपीत ‘अदल’. त्यातली दोन-तीन चांगल्या अवस्थेतली घ्या आणि भिंगाखाली कडा, अक्षरं नीट बघा. सोहोचा ठसा कसा पडतो हे डोळ्यांत बसलं, की मग पेनीकडे वळा.