होडीतल्या सहा तलवारी

प्रश्न : ताई, मी डोंबिवलीत राहते, बँकेत नोकरी करते. गेल्या वर्षी घटस्फोट झाला. मुलगा चौथीत आहे. साताऱ्याच्या शाखेत बदली मिळते आहे, तिथे माझी आई असते. मैत्रिणीच्या टॅरोच्या, म्हणजे भविष्य बघायच्या पत्त्यांच्या, डेकमधून एक पत्ता काढला तर सिक्स ऑफ सोर्ड्स, म्हणजे सहा तलवारींचा पत्ता, आलं. ‘कार्ड तुला निघ म्हणतंय,’ असं ती म्हणाली. पण त्यावरच्या चित्रात होडीत आई आणि मुलासोबत सहा तलवारी उभ्या आहेत, त्या बघून पोटात गोळाच आला. म्हणजे हे सगळं दुःख साताऱ्यापर्यंत येणार का? टॅरो वाचणाऱ्या एका रीडरबाईंनी तलवारींचा दोष काढायला अकरा हजारांचा विधी सांगितला आहे. करावा का? मुलाला अजून काहीच सांगितलेलं नाही.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी पैशांचं बोलू. विधी करू नका. टॅरोमध्ये कुठल्याही पत्त्याचा ‘दोष’ नसतो, त्यामुळे तो काढायचा प्रश्नच येत नाही. घाबरलेल्या बाईकडून असे पैसे मागणं मला फार वाईट वाटतं. ते अकरा हजार सामानाच्या टेम्पोला लागतील.

आता पत्ता. तुमच्या मैत्रिणीकडचा डेक मूळचा 1909 साली लंडनमध्ये निघालेला असणार, कारण होडीचं हे चित्र तिथलं आहे. आर्थर एडवर्ड वेट यांनी तो योजला आणि पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने 78 च्या 78 पत्ते रंगवले. त्याआधीच्या, फ्रान्समधल्या जुन्या मार्सेय पद्धतीच्या पत्त्यांत या जागी फक्त कमानीसारख्या वळलेल्या सहा तलवारी आणि मध्ये एक फूल असायचं. नावाडी नाही, आई नाही, मूल नाही. म्हणजे ज्या चित्राने तुम्ही घाबरलात ते एका बाईने विचार करून काढलेलं आहे. आपणही ते तेवढ्याच विचाराने बघू या.

वेट यांनी या पत्त्याबद्दल काय लिहिलं ते सांगते. नावाडी उतारूंना पलीकडच्या काठाला नेतो आहे, वाट सुरळीत आहे, भार हलका आहे आणि काम त्याच्या ताकदीबाहेरचं नाही. दुःखाचा एक शब्दही नाही! उतारू शोकात आहेत, तलवारी उपटल्या तर होडीला भोकं पडून ती बुडेल, हे सगळं नंतरच्या वाचणाऱ्यांनी भरलेलं. त्यातलं शोकाचं मला पटतं, कारण बाईने डोक्यावरून पांघरूण घेतलंय आणि ती वाकून बसली आहे. बुडण्याचं पटत नाही.

आणि पाणी बघितलंत का? होडीच्या उजव्या बाजूला लाटा आहेत, डावीकडे ते संथ आहे. या आधीचा पत्ता, फाइव्ह ऑफ सोर्ड्स, तोही पाण्याकाठचाच. तिथे भांडण होऊन एक जण तलवारी गोळा करतो आहे आणि दोघे पाठ फिरवून चाललेत. तुमचं कोर्ट, तारखा, वकील हा तो पत्ता. तो मागे पडला आहे.

तलवारी मात्र सोबत येतील, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. मुलाला बाबांकडे कधी, कसं पाठवायचं, सुट्ट्यांचं काय, बँकेतल्या नव्या मंडळींना काय सांगायचं, यातलं काहीच डोंबिवलीत ठेवून जाता येत नाही. पण चित्रात त्या कोणाच्या अंगात रुतलेल्या नाहीत. थ्री ऑफ सोर्ड्समध्ये तलवारी थेट काळजातून आरपार गेलेल्या दिसतात. इथे त्या होडीत टोकावर उभ्या आहेत आणि होडी चालली आहे. या फरकासाठीच मी हा पत्ता चांगला मानते.

तुमच्या पत्रातली शेवटची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. तलवारी होडीच्या पुढच्या भागात आहेत, आईच्या आणि मुलाच्या समोर. त्या पोराला पलीकडचा काठ दिसतो तो तलवारींच्या फटींतून. चौथीतल्या मुलाला घरात काय चाललंय ते कळत असतं, फक्त त्याला कोणी सांगितलेलं नसतं. शाळा सोडल्याचा दाखला काढायला जाण्याआधी त्याला सांगा. कुठे जायचं, आजीकडे कुठल्या खोलीत झोपायचं, बाबा कधी भेटणार. जे ठरलेलं नाही ते ‘अजून ठरलं नाही’ असं सांगा.

दुसरं, होडी बाई वल्हवत नाहीये. या पत्त्यात नावाडी वेगळा आहे, आणि एकट्याने संसार सावरणाऱ्या बायकांना मी हे नेहमी दाखवते. तुमचा नावाडी कोण? आई असेल, भाऊ असेल, साताऱ्यातली एखादी शाळेतली मैत्रीण असेल. पहिला महिना मुलाला शाळेत कोण सोडणार, हे त्या माणसाशी आत्ताच स्पष्ट बोलून घ्या.

जायचं की नाही, हे कार्ड सांगत नाही. तुमच्या मैत्रिणीशी मी इथे सहमत नाही. बदलीचा अर्ज तुम्ही केलात तेव्हा पत्ता निघालेलासुद्धा नव्हता.

प्रश्न : वडिलांची बायपास ठरली आहे आणि मला डेथ कार्ड आलं. घरी कोणाला सांगितलं नाही. झोप लागत नाही.
– एक वाचक, नांदेड

उत्तर : हे कार्ड माणसाच्या मरणाचं भाकीत म्हणून मी कधीच वाचत नाही, आणि तुम्हीही वाचू नका. तेराव्या क्रमांकाच्या या पत्त्यावर घोड्यावरच्या सांगाड्याकडेच नजर जाते, पण मागे दोन मनोऱ्यांच्या मध्ये सूर्य आहे आणि नदीत एक लहानशी होडीसुद्धा आहे. एक काळ संपून दुसरा सुरू होतो, एवढंच तो सांगतो. वडिलांची पूर्वीची तब्येत, पूर्वीचं खाणंपिणं, घरातली कामाची वाटणी बदलणार आहे. धोका किती, याचं उत्तर पत्त्यात नाही, सर्जनकडे आहे. त्यांना सरळ विचारा. आयसीयूत किती दिवस, घरी आल्यावर जिने चढता येतील का, हेही विचारा. आणि रात्री दवाखान्यात पाळीपाळीने कोण थांबणार, ते आजच भावंडांशी बसून ठरवा.